एका हेरकथाकाराचे बालपण आणि आपण पालक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून एखाद्या नामवंताचे चरित्र सांगावयाचे म्हटले की त्याचा एक साचा ठरलेला असतो. घरची गरिबी, रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेली फी आणि शेवटी मुलाने मिळविलेले यश. ही चरित्रे खरी असतात आणि ती सांगितलीही पाहिजेत. परंतु आज मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, तो या साच्यात मुळीच बसत नाही. त्याच्या घरी, निदान वरून पाहणाऱ्याला, पैशांची वाण दिसत नव्हती. त्याला इंग्लंडमधील चांगल्यातील चांगल्या, महागड्या शाळांत घातले होते. मुलगा हुशार होता. आणि तरीही सोळाव्या वर्षी त्याने ती शाळा आपणहून सोडली. पुढे तो जगातील सर्वांत नावाजलेल्या हेरकथाकारांपैकी एक झाला. त्याचे बालपण व शिक्षण यांत आपण पालकांनी विचार करण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

या लेखकाचे नाव जॉन ल कारे. हे त्यांचे टोपणनाव. खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. तुमच्यापैकी काही तरुणांनी २०२३ साली ‘द नाइट मॅनेजर’ ही हिंदी मालिका पाहिली असेल. अनिल कपूर आणि आदित्य रॉय कपूर यांची त्यात कामे होती. तिचे मूळ म्हणजे याच लेखकाची १९९३ सालची त्याच नावाची कादंबरी. हेरकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जेम्स बॉण्ड उभा राहतो. झकपक कपडे, वेगवान मोटार, हातात पिस्तूल. ल कारे यांचा नायक जॉर्ज स्मायली याच्या अगदी उलट आहे. बुटका, लठ्ठ, चष्मेवाला, अंगावर नीट न बसणारे कपडे घालणारा आणि कोणाच्या नजरेत न भरणारा. तो मारामारी करीत नाही. तो कागदपत्रे वाचतो, माणसांचे ऐकून घेतो आणि कोण खोटे बोलत आहे ते शांतपणे शोधून काढतो. खोटे कसे बोलले जाते आणि विश्वासघात कसा होतो, हाच या लेखकाच्या बहुतेक पुस्तकांचा विषय आहे. हा विषय त्यांना कोठे सापडला? पालकहो, तो त्यांना स्वतःच्या घरात सापडला.

डेव्हिडचा जन्म १९ ऑक्टोबर १९३१ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदराच्या गावी झाला. घराणे प्रतिष्ठित होते. आजोबा गावचे महापौर झालेले, प्रार्थनामंदिरात प्रवचने देणारे धार्मिक गृहस्थ. अशा घरात डेव्हिडचे वडील रॉनी वाढले, आणि हे रॉनी मात्र पक्के भामटे निघाले. दिसायला रुबाबदार, बोलण्यात साखर. ज्याला फसवायचे त्याला आपण याचे उपकार घेत आहोत असे वाटावे, अशी त्यांची हातोटी. विमा कंपनीला फसविल्याच्या गुन्ह्यात मुलगा लहान असतानाच ते तुरुंगात जाऊन आले. पुढेही त्यांचा उद्योग थांबला नाही, आणि निरनिराळ्या देशांतील तुरुंगांची हवा त्यांनी खाल्ली. हातात पैसा आला की घरात मोठमोठ्या मोटारी, शर्यतीचे घोडे, नामांकित पाहुणे आणि मेजवान्या. पैसा संपला की दारात तगादेवाले. मग मोटार मागच्या बाजूला लपवायची, घरातले दिवे मालवायचे आणि कोणी आत नाही असे भासवून गप्प बसायचे. मुलांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले. १९५० साली तर हे गृहस्थ ग्रेट यारमथ येथून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटच्या निवडणुकीलाही उभे राहिले होते! निवडून मात्र आले नाहीत.

डेव्हिड पाच वर्षांचा असताना आई घर सोडून निघून गेली. अशा नवऱ्याबरोबर संसार करणे तिला अशक्य झाले असावे. पण गेली ती दोन्ही मुलांना मागे ठेवून. त्यानंतर डेव्हिडला आईची भेट झाली ती वयाच्या एकविसाव्या वर्षी. मधल्या सोळा वर्षांत थोरला भाऊ टोनी हाच काय तो आधार. हा भाऊ त्याच्यापेक्षा अवघ्या दोन वर्षांनी मोठा!

ल कारे यांनी आपल्या बालपणीची एक आठवण लिहून ठेवली आहे. आईचा हात धरून आपण एक्झेटर गावच्या तुरुंगाबाहेर उभे आहोत आणि वर एका खिडकीतून वडील हात हलवीत आहेत, असे चित्र त्यांच्या मनात जन्मभर होते. मोठेपणी त्यांनी वडिलांना हे सांगितले तेव्हा वडिलांनी ते साफ नाकारले. असे घडलेच नाही, घडणे शक्यच नव्हते, असे म्हणाले. आता बाप सांगतो ते खरे मानायचे की आपल्या डोळ्यांना आठवते ते? खोटे बोलणाऱ्या बापाच्या मुलाचे सर्वांत मोठे नुकसान हे आहे. त्याचा दुसऱ्यांवरचा विश्वास जातोच, पण स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासही डळमळतो.

आता शाळेकडे वळू. रॉनींनी एक गोष्ट मात्र पक्की ठरविली होती. आपली मुले मोठ्या घरच्या मुलांबरोबर शिकली पाहिजेत, त्यांच्यासारखी बोलली पाहिजेत आणि पुढे वकील झाली पाहिजेत. कायद्याला चुकवीत फिरणाऱ्या बापाची मुलांनी वकील व्हावे ही इच्छा ऐकून आपल्याला हसू येईल. परंतु आपल्याला जे मिळाले नाही ते मुलाला मिळावे, ही इच्छा कोणत्या बापाला नसते? म्हणून पाच वर्षांच्या वयापासूनच डेव्हिडची रवानगी बोर्डिंगच्या शाळेत झाली. पुढे पँगबोर्न येथील सेंट अँड्र्यूज ही तयारी-शाळा आणि १९४५ साली डॉर्सेट परगण्यातील शेरबोर्न ही विख्यात शाळा. या शाळेला १५५० साली राजाची सनद मिळालेली. इंग्लंडमध्ये अशा शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, पण नावावर जाऊ नका. त्या सर्वांसाठी खुल्या नसतात; त्या भरपूर फी घेणाऱ्या खाजगी शाळा असतात. इंग्रजी साम्राज्य चालविणारे अधिकारी पिढ्यान्‌पिढ्या याच शाळांतून तयार झाले.

शिस्त अत्यंत कडक. शिक्षकांप्रमाणे मोठ्या वर्गातील मुलांनाही लहान मुलांना छडीने मारण्याचा अधिकार असे. खेळ, प्रार्थना, कवायत, थंडगार खोल्या आणि मायेच्या शब्दाचा दुष्काळ. ल कारे यांना या शाळांचा मनापासून तिटकारा आला आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. परंतु छडीहून मोठा त्रास वेगळाच होता. वर्गातील इतर मुलांचे वडील सेनाधिकारी, जमीनदार, सरकारी अंमलदार. सुटीहून परतल्यावर मुले आपापल्या घरच्या गोष्टी सांगत. डेव्हिडने काय सांगावे? बाप तुरुंगात जाऊन आलेला, आई कोठे आहे ते ठाऊक नाही, आणि या शाळेची फी भरलेली आहे की नाही याचीही खात्री नाही! युद्धाच्या काळात, जेव्हा इंग्लंडात अनेक वस्तू रेशनवर मिळत, तेव्हा रॉनींनी एका शाळेची फी रोख पैशांऐवजी काळ्या बाजारातील सुक्या मेव्याच्या रूपाने चुकविली होती, असे त्यांच्या मुलानेच पुढे सांगितले आहे.

मग या मुलाने काय केले? इतर मुलांची बोलण्याची ढब त्याने उचलली, त्यांच्या सवयी उचलल्या आणि आपल्यालाही त्यांच्यासारखेच घर आहे असे भासविणाऱ्या गोष्टी रचल्या. शाळेत असताना घर लपवायचे आणि घरी आल्यावर बापाच्या भानगडी लपवायच्या. समोरचा माणूस काय मानून चालला आहे याचा अंदाज घ्यायचा आणि त्याप्रमाणे बोलायचे. हेरगिरीचे शिक्षण दुसरे काय असते? हेरखात्याने आपल्याला गुप्तता शिकविली नाही, ती आपण लहानपणीच शिकून आलो होतो, अशा अर्थाचे त्यांनी पुढे आत्मकथनपर लेखनात म्हटले आहे.

पालकहो, येथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. मूल घरची गोष्ट शाळेत लपविते, हे काही इंग्लंडातच घडते असे नाही. आपल्यातही अशी मुले आहेत. वडील हातगाडी लावतात, आई चार घरची कामे करते, हे वर्गात सांगायची मुलाला लाज वाटते. अशा मुलाला जवळ घेऊन एवढेच समजावून सांगा, की बाळा, कष्टाच्या कमाईत लपविण्यासारखे काही नाही. शेरबोर्नच्या त्या मुलाजवळ उत्तम गणवेश होता, पण वडिलांच्या कमाईबद्दल ताठ मानेने बोलावे असे एकही वाक्य त्याच्याजवळ नव्हते. तुमच्या मुलाजवळ ते वाक्य आहे. ही श्रीमंती थोडीथोडकी नव्हे.

परंतु मित्रांनो, शाळेची दुसरी बाजूही मी सांगितली पाहिजे, नाहीतर त्या शाळेवर अन्याय होईल. त्याच शेरबोर्नमध्ये डेव्हिडला जर्मन भाषा शिकविणारे किंग नावाचे शिक्षक भेटले. काळ लक्षात घ्या. दुसरे महायुद्ध नुकतेच संपत होते. इंग्लंडच्या शहरांवर जर्मन बॉम्ब पडलेले. ‘जर्मन’ हा शब्द म्हणजे जणू शिवी झाली होती. अशा वेळी हा शिक्षक आपल्या वर्गातील मोजक्या मुलांना सांगत असे, की ही भाषा सुंदर आहे, तिचे साहित्य थोर आहे आणि खरी जर्मनी एक दिवस परत येईल. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवर जर्मन नटांनी म्हटलेल्या कविता तो मुलांना ऐकवीत असे. देशभर द्वेषाचे वारे वाहत असताना एका मास्तराने वर्गात द्वेष येऊ दिला नाही. केवढे हे धैर्य!

ज्या मुलाला स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते, त्याला ही भाषा म्हणजे एक घर सापडल्यासारखे झाले. येथे बापाचे नाव नव्हते, खोट्या गोष्टी नव्हत्या, कोणाची ढब उचलण्याची गरज नव्हती. सत्तर वर्षांनंतर, २०१७ साली, लंडनच्या जर्मन वकिलातीत जर्मन भाषेच्या शिक्षकांचा गौरव झाला. त्या वेळी केलेल्या भाषणात पंच्याऐंशी वर्षांच्या ल कारे यांनी या किंग मास्तरांची कृतज्ञतेने आठवण काढली. परकी भाषा शिकणे म्हणजे मैत्रीचा हात पुढे करणे, असे त्यांचे सांगणे होते. सभागृहात बसलेल्या माझ्या शिक्षकबंधूंनो, आपल्या एका तासाचा परिणाम सत्तर वर्षे टिकू शकतो हे विसरू नका. पगारपत्रकावर त्याची नोंद होत नाही, एवढेच.

१९४८ साली, सोळाव्या वर्षी, डेव्हिडने शेरबोर्नला परत जाण्यास नकार दिला. शाळेने समजावून पाहिले, पण तो ऐकेना. आता विद्यार्थी मित्रांनो, यावरून ‘आम्हीही शाळा सोडतो’ असा सोयीचा अर्थ कृपा करून काढू नका! त्याने शाळा सोडली ती शिक्षण टाकण्यासाठी नव्हे. तो गेला स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे, आणि तेथील विद्यापीठात त्याने जर्मन भाषा व साहित्य यांच्या अभ्यासासाठी नाव घातले. बाप, शाळा आणि देश या तिन्हींपासून दूर, अनोळखी गावात, एकटा. याच गावी ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या माणसांशी त्याची पहिली गाठ पडली आणि किरकोळ निरोप्याची कामे त्याने केली. याच बर्न विद्यापीठाने २००८ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले.

त्यानंतर सक्तीची लष्करी सेवा. त्या काळी इंग्लंडात ती सर्व तरुणांना करावी लागे. जर्मन भाषा येत असल्यामुळे डेव्हिडची नेमणूक ऑस्ट्रियात, लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात झाली. पूर्वेकडील कम्युनिस्ट देशांतून पळून येणाऱ्या लोकांची जबानी घेण्याचे काम त्याच्याकडे होते. विशीतला हा पोरगा रोज घरदार गमावलेल्या माणसांच्या कहाण्या ऐकत होता. किंग मास्तरांच्या वर्गात पेरलेले बी असे कोठे उगवले पाहा.

१९५२ साली तो ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याला व्हिव्हियन ग्रीन हे विद्वान धर्मोपदेशक पुन्हा भेटले. पुन्हा म्हणण्याचे कारण, पूर्वी ते शेरबोर्न शाळेतही होते. शांत, अबोल, पण समोरच्याच्या मनातले ओळखणारा हा मनुष्य. जॉर्ज स्मायली हे पात्र रंगविताना ज्यांच्या मूर्ती डोळ्यांपुढे होत्या, त्यांत ग्रीन होते असे ल कारे यांनीच सांगितले आहे. जगप्रसिद्ध हेराच्या पात्रामागे एक शिक्षक उभा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि मग १९५४ साली बापाचे दिवाळे निघाले. थोडेथोडके नव्हे, साऱ्या वर्तमानपत्रांत गाजले असे दिवाळे. पैशांचा ओघ आटला आणि डेव्हिडला ऑक्सफर्ड मध्येच सोडावे लागले. त्याच वर्षी त्याचे लग्नही झाले होते. पदवी हाती नाही, संसार सुरू झालेला, आणि बापाचे नाव सर्वत्र बदनाम. अशा वेळी कितीतरी मुले खचून जातात. याने काय केले? लहान मुलांच्या एका शाळेत मास्तरकी पत्करली. वर्षभर मुलांना शिकविले, संसार चालविला आणि पुन्हा कॉलेजात परत गेला. १९५६ साली तो आधुनिक भाषांच्या परीक्षेत प्रथम वर्गात उत्तीर्ण झाला.

विद्यार्थी मित्रांनो, मघाशी मी शाळा सोडण्याबद्दल बोललो, ते विसरलात तरी चालेल. पण हे परत जाणे विसरू नका. शिक्षणात खंड पडणे ही शरमेची गोष्ट नाही. घरची अडचण, आजारपण, वडिलांची बुडालेली कमाई, कारणे अनेक असतात. ज्या मुलींचे शिक्षण लग्नामुळे थांबले, त्यांनाही मी हेच सांगेन. खंड पडला म्हणजे वाट संपली असे नाही. एक वर्ष गेले तर एकच वर्ष गेले, आयुष्य गेले नाही.

पदवीनंतर दोन वर्षे त्यांनी ईटन या सर्वांत बड्या शाळेत फ्रेंच व जर्मन शिकविले. १९५८ साली ते देशांतर्गत गुप्तवार्ता खात्यात शिरले आणि १९६० साली परदेशातील हेरगिरी पाहणाऱ्या खात्यात गेले. लंडनला कामावर जाता-येता आगगाडीच्या डब्यात वहीवर लिहून त्यांनी पहिली कादंबरी पूर्ण केली. ‘कॉल फॉर द डेड’ या नावाने ती १९६१ साली प्रसिद्ध झाली. सरकारी नोकराला स्वतःच्या नावावर असे पुस्तक छापण्याची मोकळीक नव्हती, म्हणून ‘जॉन ल कारे’ हे टोपणनाव आले. दुसरी कादंबरी, १९६२ सालची ‘अ मर्डर ऑफ क्वालिटी’, ही तर अशाच एका बड्या शाळेच्या आवारात घडणारी खुनाची कथा आहे. छडीचे हिशेब असे लेखणीने चुकते झाले! तिसरी, १९६३ सालची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’. दोन वर्षांपूर्वी, १९६१ साली, बर्लिन शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली होती. त्या भिंतीच्या छायेतील ही कथा जगभर गाजली आणि १९६४ साली नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले.

चरित्र सांगताना केवळ उजळ बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऑक्सफर्डमध्ये असताना या विद्यार्थ्याने आपल्याच डाव्या विचारांच्या सहाध्यायांमध्ये मित्र म्हणून मिसळून त्यांची माहिती गुप्तवार्ता खात्याला पुरविली होती. ही गोष्ट त्यांनी पुढे मान्य केली. ते काम कोणीतरी करणे आवश्यक होते असे त्यांचे म्हणणे होते. परंतु मित्राशी केलेल्या दगाबाजीचा सल त्यांच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा डोकावतो. लहानपणी नाइलाजाने शिकलेले दुटप्पी वागणे मोठेपणी सहज सुटत नाही, हेच यावरून दिसते. घरात जे मुरते ते विद्यापीठातही पाठ सोडीत नाही.

रॉनी कॉर्नवेल १९७५ साली वारले. मुलाने अंत्यविधीचा व शोकसभेचा खर्च केला, पण तो स्वतः दोन्ही ठिकाणी गेला नाही. एवढा कडवटपणा साठला होता. बापावर कादंबरी लिहिण्याचा प्रयत्न त्यांनी कितीतरी वेळा केला, ती जमेना. अखेर १९८६ साली, बाप जाऊन अकरा वर्षे झाल्यावर आणि स्वतः चोपन्नाव्या वर्षी, ‘अ परफेक्ट स्पाय’ ही कादंबरी पूर्ण झाली. तिच्यातील रिक पिम हा बाप म्हणजे रॉनीच. आणि नवल असे, की तो बाप तिरस्करणीय वाटत नाही. तो हसवितो, जीव लावतो, फसवितो आणि पुन्हा जीव लावतो. मुलगा त्याच्यावर रागावतो आणि त्याच्यासाठी झुरतोही. अनेक जाणकार ही त्यांची सर्वोत्तम कादंबरी मानतात. ज्या गोष्टी लपविण्यात बालपण गेले, त्याच गोष्टी त्यांनी अखेर सर्व जगासमोर मांडल्या आणि मनावरचे ओझे हलके केले. १२ डिसेंबर २०२० रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता दोन शब्द आपल्यापुरते बोलून मी थांबतो.

रॉनींना मुलांबद्दल प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या परीने मुलांना सर्वांत चांगली शाळा दिली. परंतु मुलांना शाळेत घातले की आपले काम संपले, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत केवळ भामट्यांचीच असते असे नाही, ती सज्जनांचीही असते. आपल्यातील कित्येक वडील पोटासाठी परमुलखी राहतात, घाम गाळतात आणि दरमहा पैसे पाठवितात. त्यांच्या कष्टांची आणि रॉनीच्या कमाईची तुलना होऊच शकत नाही. तरीही फीबरोबर पत्र जावे, फोन जावा, सुटीत आल्यावर मुलाची वही हातात घेऊन पाहावी, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलाला वडिलांचा पैसा लागतो, तसा वडिलांचा खरा शब्दही लागतो. ‘मी अमुक दिवशी येईन’ असे सांगितले तर त्या दिवशी यावे. दाराशी कोणी आले असता ‘अब्बा घरी नाहीत म्हणून सांग’, असे मुलाकडून वदवून घेऊ नये. आपल्याला ती क्षुल्लक गोष्ट वाटते. मुलाचा तो पहिला धडा असतो.

भाषेबद्दलही एवढेच सांगतो. आपल्या मुलांच्या कानावर घरी एक भाषा पडते, शाळेत दुसरी, आणि पुढे इंग्रजीशी गाठ पडते. पुष्कळांना हे ओझे वाटते. एका परक्या भाषेने एका पोरक्या मुलाला आधार दिला, नोकरी दिली आणि लेखक केले, हे आपण आताच पाहिले. तेव्हा घरची भाषा सोडू नका, शाळेची भाषा नीट आत्मसात करा आणि आणखी एखादी शिकण्याची संधी आली तर मागे हटू नका.

आणि ज्या मुलांच्या घरी खरोखरच काही दुःख आहे, जे कोणाला सांगता येत नाही, त्यांना माझे सांगणे असे. शाळेत एक तरी शिक्षक असा शोधा, ज्याच्याजवळ खरे बोलता येईल. तो नक्की असतो. शिक्षकांनीही आपल्या वर्गातील फार हुशारीने गोष्टी रचणाऱ्या मुलाकडे जरा लक्ष द्यावे. त्याला लबाड म्हणून बाकावर उभे करण्यापूर्वी, तो काय लपवीत आहे हे एकदा प्रेमाने विचारून पाहावे.